चौथ्या सोमवारची पंगत

दिनू, तुझ्या शोकसभेत लावायला तुझा आवाज सापडत नाहीये.

हसू नकोस. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी वीणाला फोन करून सांगितलं, वहिनी, दोन मिनिटांची एखादी क्लिप द्या, दिनूभाऊंचा आवाज ऐकला की लोकांना बरं वाटेल. तेव्हापासून तुझी बायको तुझा फोन मांडीवर घेऊन बसलीय. त्यात हिंदी सिनेमातले झाडून सगळे नट आहेत, क्रिकेटचं समालोचन आहे, बेळगावच्या स्टँडवर गाड्या पुकारणारा माणूस आहे, आपल्या गल्लीत 'सोप्पू, सोप्पू' ओरडत येणारा पालेभाजीवाला आहे. साहेब तर ढिगाने आहेत. तू नाहीस. काल ती मला म्हणाली, अक्का, हे स्वतःच्या आवाजात कधी बोललेच नाहीत का हो? मी म्हटलं, बोलायचा की. माझ्याशी भांडायचा तेव्हा स्वतःच्याच आवाजात भांडायचा. पण भांडण कोण रेकॉर्ड करून ठेवतं.

मला मंडळाने चार शब्द लिहायला सांगितलेत. थोरली बहीण, त्यातून टेलिफोन खात्यातून निवृत्त, म्हणजे हिला लिहिता येणारच, अशी त्यांची समजूत. 'चांगलं लिहा हं अक्का,' असं पुन्हापुन्हा बजावलंय. चांगलं म्हणजे 'ते प्रकरण' नको. मी 'सरी सरी' म्हणून फोन ठेवला. आता लिहायला बसले तर ते प्रकरण सोडून हाताला काही लागत नाही. देशाचा पंतप्रधान व्हायला निघालेला माणूस ज्याच्या आडोशाला लपला आणि ज्याच्यासकट आपटला, तो माझा धाकटा भाऊ होता. हे सोडून मी काय लिहू? तुला बासुंदी आवडायची हे लिहू?

आणि हाक काय मारू, ते सांग. तुला उठताबसता 'मेल्या' म्हणायची माझी सवय. परवा फोटोला हार घालताना तोंडातून तेच निघालं, आणि वीणाने माझ्याकडे असं बघितलं की मी हार तिच्याच हातात दिला.

चांगलं आधी लिहून टाकते, म्हणजे ते संपेल.

अप्पा गेले, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्यांच्या आवाजात म्हणालास, शैला, चहा टाक गं. माझ्या हातातली बशी फुटली. मी लाटणं घेऊन तुझ्या मागे लागले होते, आठवतं? पण पुढे आईची स्मृती गेली. ती आपल्याला ओळखेना, जेवेना, तोंड घट्ट मिटून भिंतीकडे बघत बसायची. मी चमचा घेऊन विनवायची, वीणा विनवायची, डॉक्टर नळी घालायच्या गोष्टी करायला लागले होते. मग तू इंदिरानगरच्या त्या डबिंग स्टुडिओतून दुपारची सुट्टी काढून मेट्रो आणि वर ऑटो करत घरी यायला लागलास. बूट न काढता दाराबाहेरूनच अप्पांच्या आवाजात विचारायचास, काय गं, जेवलीस का? आणि ती तोंड उघडायची. नव्या नवरीसारखी लाजून पदर सावरायची आणि तोंड उघडायची. शेवटचं वर्षभर ती त्या आवाजावर जेवली. एरवी जाहिरातींत तूप आणि सिमेंट विकणारा तुझा गळा त्या वर्षी खऱ्या कामी आला. मी तुला त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही, आपल्या घरात असं कोणी म्हणत नाही. आता म्हणते. तुझे उपकार आहेत माझ्यावर.

संपलं चांगलं.

साहेबांचं नाव मी लिहिणार नाही, त्यांचे वकील अजून धडधाकट आहेत. तसंही अख्खा देश त्यांना साहेबच म्हणायचा. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर तू त्यांची नक्कल केलीस, तो संथ, मायाळू सूर, वाक्याआधीचा तो थांबा, जणू कोणाचे तरी आजोबा नातवाला समजावतायत. लोक पोट धरून हसले. कोणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला, तो फिरत फिरत दिल्लीला पोचला, आणि आपल्याला वाटलं आता दारात पोलीस येणार. आलं ते विमानाचं तिकीट. साहेबांनी तुला बंगल्यावर बोलावून त्यांच्यासमोर त्यांचाच आवाज काढायला लावला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून तुझ्या खांद्यावर घातली. झालं. मनाने तू तिकडेच गेलास ते परत आलाच नाहीस. बंगळूरच्या डिसेंबरात शाल ठीक आहे, तू मे महिन्यातसुद्धा पंखा फुल्ल करून ती पांघरून बसायचास. साहेबांच्या पीएने आपला नंबर तुला दिला होता. तो तू पाहुण्यांना दाखवायचास, दूधवाल्याला दाखवायचास, एकदा यल्लम्मालाही दाखवलास. लावत कधी नव्हतास.

यल्लम्मा म्हणजे आपल्याकडे भांडी-फरशी करणारी, रायचूरकडची. सभेला येणाऱ्या नव्या लोकांना ती माहीत नसेल म्हणून सांगते. सर्जापूर रोडला आपल्या अपार्टमेंटच्या मागे टॉवरसाठी तो भलामोठा खड्डा खणला होता, त्याच्या कडेच्या भिंतीला लागून निळ्या पत्र्यांच्या शेड होत्या. तिथे ती राहायची. तिचा नवरा हणमंता रात्रपाळी करायचा आणि दिवसा शेडमध्ये झोपायचा. खड्डा साहेबांच्या जावयाच्या कंपनीचा होता.

आणि आपला चौथा सोमवार. अप्पा निपाणीहून इथे कारखान्यात नोकरीला आले ते येताना श्रावणातलं मौनाचं जेवण घेऊन आले. दिवसभर उपास, दिवेलागणीला पूजा, मग मुकाट्याने जेवायचं. पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला तर ताटावरून उठायचं, पुढचं जेवण एकदम दुसऱ्या दिवशी. बाकीचे सोमवार आपले आपण, पण चौथ्याला ओळखीची मराठी घरं आपल्याकडे पंगतीला बसतात. या पंगतीचा हिरो तू. बोटांनी कढी मागायचास, भुवईने मीठ. लहानपणी तू खुणेनेच बासुंदीची वाटी कशी रिकामी आहे ते असं काही रडून दाखवलंस की अप्पा हसत हसत 'गाढवा' म्हणाले. म्हणाले, आणि तसेच ताटावरून उठले. पहिला भातसुद्धा झाला नव्हता त्यांचा. तुला एक शब्द न बोलता ते उपाशी झोपले. आपल्या घरात तो नियम असा होता.

गेल्या वर्षीच्या चौथ्या सोमवारी सकाळपासून पाऊस होता. पंगतीची भांडी पडणार म्हणून मी यल्लम्माला दुपारीच बोलावून घेतलं होतं. संध्याकाळी मागच्या बाजूने मोठा आवाज आला. कोणीतरी म्हणालं, वीज पडली वाटतं. आपण समई लावली आणि पानं मांडली.

पहिला भात वाढून झाला असेल. यल्लम्मा फोन कानाला लावून स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला साबणाचा फेस तसाच. कन्नडमध्ये म्हणाली, 'अक्का, माझा माणूस बोलतोय. आतून बोलतोय. अंगावर पत्रा आहे म्हणतो, पाणी चढतंय म्हणतो.' कन्नड पंगतीतल्या प्रत्येकाला येतं. सगळ्यांनी मान खाली घातली. मग ती तुझ्याकडे वळली, कारण मोठ्या माणसांचा नंबर अण्णांकडे आहे हे तिला तूच दाखवलं होतंस. म्हणाली, 'अण्णा, तुमच्या साहेबांना फोन लावा.'

तू तिच्याकडे बघितलंस. डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलंस. आणि उजव्या हाताने कढीभात कालवलास.

एवढंच केलंस तू. माझ्याशी तू आयुष्यभर नाही नाही ते बोललास, पण शब्द न वापरता इतकं स्वच्छ कधीच बोलला नव्हतास.

मी 'चल' म्हणाले आणि ताट टाकून तिच्याबरोबर गेले. कडेची भिंत शेडसकट खड्ड्यात कोसळली होती, पोलिसांनी तिथे दोरी बांधली होती. माती उपसायचं पिवळं मशीन उभं होतं, ड्रायव्हर आत बसलेला. मी विचारलं, का रे बाबा थांबलास, तर म्हणाला, ऑर्डर इल्ला मेडम, हुकूमच नाही. बाया-माणसं हातांनी पत्रे ओढायला जात होती, त्यांना पोलीस काठ्यांनी मागे सारत होते. त्याच वेळी चार माणसं कंपनीचा बोर्ड उतरवत होती, ऑफिसच्या कंटेनरमधले खोके गाडीत भरत होती. त्यांना कोणी अडवत नव्हतं. हणमंताचा फोन चालू होता. शेजारी कोणीतरी कण्हतंय पण नाव सांगत नाही, असं तो बायकोला सांगत होता. नंतर तो बोलायचा थांबला आणि फोन तसाच चालू राहिला. ती ऐकत उभी होती. मशीन सकाळी सुरू झालं.

मी घरी आले तेव्हा तू चहा पीत होतास. काय झालं गं, म्हणून विचारलंस, ते मात्र स्वतःच्या आवाजात. मी सांगितलं. तू म्हणालास, अरेरे.

दिवाळीच्या तोंडावर ती टेप बाहेर आली. त्या संध्याकाळची, साहेबांच्या फोनची. कुठल्याशा अधिकाऱ्याला ते सांगत होते, तशाच मायाळू सुरात, की मशीन सकाळपर्यंत थांबवा, आधी बोर्ड काढा, कागद हलवा, जावईबापूंचं नाव तिथे राहता कामा नये. पलीकडचा चाचरत म्हणाला, साहेब, आत माणसं जिवंत आहेत. साहेब जरा थांबले आणि म्हणाले, 'आतली माणसं कुठे पळून जाणार आहेत?' हे सगळं हिंदीत होतं. मराठीत लिहिताना मी त्यात तिखटमीठ घातलेलं नाही.

देश पेटला. साहेबांची शपथ तोंडावर आलेली. आणि मग साहेबांचा तो पांढऱ्या बुटांचा गृहस्थ आपल्याकडे आला. बूट न काढता हॉलमध्ये आला आणि अप्पांच्या खुर्चीत बसला. तुला 'कलाकार' म्हणाला. साहेब तुमची फार आठवण काढतात, म्हणाला. देश अडचणीत आहे आणि देशाला वाचवू शकेल असा गळा एकच आहे, असं काय काय म्हणाला. वीणाने त्याला कॉफी दिली. मी सोफ्याच्या टोकाला बसले होते, म्हातारी बाई म्हणून त्याने माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही. तू सांगायचं होतं ते एवढंच, की दुर्घटनेचं कळल्यावर गंमत म्हणून मीच दोन्ही आवाज काढले, घरी बसून, त्याच संध्याकाळी, आणि कोणीतरी ते पळवून पसरवलं. त्याच संध्याकाळी, कारण टेप त्याच रात्री नऊच्या आत एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याचं निघालं होतं. त्याने विचारलं, त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात? तू म्हणालास, घरीच. मग अडचण काही नाही ना? तू म्हणालास, नाही.

अडचण काही नाही! उत्तरेकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी उरकतो, आपला चौथा सोमवार त्याच्या लेखी साधा सोमवार. मौनाचं जेवण त्याने जन्मात ऐकलेलं नसणार, त्या रात्री नऊपर्यंत तू मुकाट ताटावर होतास हे त्याच्या गावीही नसणार. त्याला माहीत नव्हतं हे मी समजू शकते. तू विसरलास, असं वीणा अजून म्हणते. मला नाही पटत. तुला पक्कं आठवत होतं. पण पंगतीत सगळी आपलीच माणसं होती. त्या बाईसमोर ज्यांनी तोंड उघडलं नाही ते टीव्हीवाल्यांसमोर कशाला उघडतील, असा विचार तू केलास. तू माणसं चांगली ओळखायचास, नकलाकाराला ओळखावीच लागतात.

मग तू चौकशीत तसा जबाब दिलास आणि मराठी वाहिनीवर आलास, शाल पांघरून. हात जोडलेस, माफी मागितलीस. निवेदिका म्हणाली, करून दाखवाल का? आणि तू करून दाखवलंस. तो थांबासुद्धा घेतलास. आतली माणसं कुठे पळून जाणार आहेत. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला, इतकं हुबेहूब. स्टुडिओत टाळ्या पडल्या. त्या वेळी यल्लम्मा आपल्या हॉलमध्ये फरशी पुसत होती. ती टीव्हीकडे बघत राहिली, मग फडकं बादलीत पिळलं आणि मला म्हणाली, 'अक्का, त्या वेळी अण्णा जेवत होते ना?' मी म्हटलं, हो. ती राहिलेली फरशी पुसून गेली.

साहेबांनी मोठ्या मनाने तुला माफ केलं. कलाकार आहे, चुकला, असं म्हणाले. तुझे फोन वाजायला लागले, मंडळाने तुझा सत्कार ठरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी तुला सांगितलं की मी जाऊन खरं काय ते सांगणार आहे. तू आधी हसलास. मग चिडलास. अक्का, मी कोणाला मारलंय का, मी फक्त गळा दिला, म्हणालास. मी म्हटलं, त्या दिवशी फोन का नाही लावलास? म्हणालास, त्यांनी उचलला नसता. मी म्हटलं, नसता उचलला, तू लावला का नाहीस? मौन होतं, म्हणालास. मी म्हटलं, अप्पा एका 'गाढवा'साठी उपाशी झोपले, तुला एका माणसासाठी बासुंदी सोडवली नाही? तू उठलास, माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिलास, आणि अप्पांच्या आवाजात म्हणालास,

'शैला, गप्प बस.'

मी वळून बघितलं नाही. एवढी घोडी झालेली बाई मी, पण त्या आवाजाला माझे खांदे आपोआप खाली गेले. ज्या आवाजावर आई जेवली तोच होता तो, जरासुद्धा फरक नाही. तो तू माझ्यावर चालवलास. दिनू, टेपचं सोड, टीव्हीचं सोड, यासाठी मी तुला माफ केलेलं नाही. तू गेलास म्हणूनही करणार नाही.

मी चहा संपवला, कप विसळला, चपला घातल्या आणि खाली उतरून ऑटो केली.

टेपची चौकशी करणारा अधिकारी धारवाडकडचा निघाला. मौनाचं जेवण म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही, त्याच्या आजोळी होतं. त्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, पंगतीला आणखी कोण कोण होतं? मी सगळी नावं सांगितली. यल्लम्मा आदल्या दिवशीच तिथे येऊन गेली होती, हे मला बाहेरच्या शिपायाने सांगितलं. तिचं कोणी लिहून घेतलं नव्हतं. मी सख्खी बहीण, म्हणून माझं घेतलं.

आधी सगळ्यांना विसर पडला. आत्ता ज्यांना तुझी क्लिप हवीय ते सेक्रेटरी म्हणाले, ही घरातली गोष्ट आहे. एकजण आपण त्या दिवशी पुण्याला होतो म्हणाला, त्याने खुणेने दोनदा बासुंदी मागून घेतली होती हे मी सांगितल्यावर तो पुण्याहून परत आला. मग एकेकाला आठवायला लागलं. वीणा तेवढी काही बोलली नाही, आणि तिला मी बोल लावत नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. टेपवरच्या त्या चाचरणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःची मान सोडवायला सगळं ओकून टाकलं, जावई आत गेला, साहेबांची शपथ राहिली आणि असलेलं पदही गेलं. जाता जाता पत्रकारांनी त्यांना तुझ्याबद्दल विचारलं. ते थांबले, तसेच मायाळूपणे थांबले, आणि म्हणाले, 'या माणसाला मी ओळखत नाही. असे नकलाकार गल्लोगल्ली असतात.' तू ते हॉलमध्ये बसून ऐकलंस, शाल अंगावर. मी टीव्हीकडे नाही, तुझ्याकडे बघत होते. मला बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं. संध्याकाळी तू जेवायला उठला नाहीस तेव्हा वाईटही वाटलं.

त्यानंतरचे तुझे महिने मी बघितलेत. खोट्या जबाबाची केस झाली, जामीन झाला, स्टुडिओने बोलावणं बंद केलं. माघी गणपतीला मंडळाने दुसरा नकलाकार आणला, आणि त्याने तुझी नक्कल केली. तुझा आवाज कसा काढायचा हे त्याला सुचेना. म्हणून त्याने शाल पांघरली आणि बोट ओठांवर ठेवलं, बस. लोक पोट धरून हसले. तू मागच्या रांगेत होतास.

यल्लम्मा काम सोडेल असं मला वाटलं होतं. तिने काम सोडलं नाही, फक्त तुझं ताट धुणं सोडलं. बाकी सगळी भांडी घासून पालथी घालायची आणि तुझं ताट तेवढं सिंकच्या कडेला तसंच ठेवून जायची. भांडण नाही, तोंड वाकडं करणं नाही. आधी ते वीणा धुवायची, मग एक दिवस तू स्वतःच धुवायला लागलास. तू केलंस असं म्हणण्यासारखं तेवढंच. आणि एकदा, ती ओट्यापाशी असताना तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिलास. 'यल्लम्मा,' म्हणालास. तिने नळ बंद केला, पण वळली नाही. तू तोंड उघडलंस, मिटलंस, आणि तसाच परत गेलास. काय म्हणणार होतास रे? मी आत डाळ निवडत होते, मी ऐकलं असतं. स्वल्प धीर केला असतास तर तिनेही ऐकलं असतं. तेव्हा कोणाचा आवाज काढावा हे तुला सुचलं नसेल.

दुपारी जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस. लोक म्हणाले, भाग्यवान, झोपेत गेला, काही कळलंसुद्धा नाही. मला त्याचाच संताप आला. हणमंताला सगळं कळत होतं, पाणी कुठवर आलं ते सांगता येत होतं. तुला काही कळलं नाही. तुला हॉलमध्ये ठेवलं तेव्हा वीणाने कपाटातून ती शाल आणून तुझ्या अंगावर घातली. मी काढली. ती म्हणाली, अक्का, आज तरी. मी म्हटलं, आजच. त्यावर ती माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही.

यल्लम्मा आली, दारात उभी राहिली. वीणाने हंबरडा फोडला, तशी कोणी बाई तिला आवरायला लागली, शांत हो गं, लोक बघतायत. यल्लम्मा म्हणाली, 'ओरडू द्या तिला. तोंड दाबू नका.' मग आत गेली आणि दुपारची भांडी घासली. त्यात तुझं ताट होतं, ते तिने बाजूला ठेवलं. ते मी धुतलं. आमटी वाळून घट्ट बसली होती, नखाने काढावी लागली. तेव्हा मी रडले, दिनू. तुला उचलून नेलं तेव्हा नाही.

आज सकाळी वीणा फोन घेऊन माझ्याकडे आली. सापडलं म्हणाली. त्या वाहिनीवरचीच क्लिप होती. तुझी नक्कल होते, टाळ्या संपतात, निवेदिका विचारते, म्हणजे टेपवरचा आवाज साहेबांचा नाही? तू घसा साफ करतोस. साहेब उतरतात, सगळे नट उतरतात, अप्पाही उतरतात. आणि तू म्हणतोस, 'तो आवाज माझा आहे.'

टेलिफोन खात्यात माझं आयुष्य गेलं, आवाज मला कळतात. तो तू होतास. कोणाची नक्कल नाही, निपाणीचा हेल आणि शेवटचा शब्द पडता, लहानपणी माझी खडूची पेटी लपवून 'मी नाही घेतली' म्हणायचास तेव्हा पडायचा तसाच. तुझ्या स्वतःच्या आवाजातलं एवढं एकच वाक्य आमच्याकडे राहिलंय, आणि तेही खोटं.

वीणा म्हणाली, हे कसं लावायचं अक्का सभेत? मी म्हटलं, नाही लावायचं. तिने मान हलवली आणि फोन बंद करायला बोट पुढे केलं.

मी म्हटलं, थांब. परत एकदा लाव.